न आलेल्या खोकल्याचे श्रेय

चिंताविकाराच्या उपचारांत मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांना वरची जागा नाही. वर आहेत एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यविरोधी औषधे, आणि त्यांच्या बरोबरीने विचार-वर्तन उपचार. औषध लागू पडेपर्यंत मधल्या थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम दिली जाते, आणि ते थोडे दिवस बऱ्याच घरांत वर्षांवर गेलेले असतात. एवढ्याने भागले नाही की चिठ्ठीवर लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन यांपैकी एखादे नाव उतरते. यांतले एकही औषध चिंतेसाठी शोधलेले नाही. लिथियम उन्मादाच्या रुग्णांसाठी पुढे आले. बाकीची तीन फेफऱ्यासाठी वापरता वापरता मनाच्या आजारांकडे वळली. मेडिकलच्या काउंटरवर ‘ही फिटची गोळी आहे’ एवढे कानावर पडले, की छातीतली धडधड सांगायला डॉक्टरकडे गेलेला माणूस आणखी एक धडधड घेऊन घरी परततो.

ही औषधे शरीरात काय करतात, याचे उत्तर अर्धे ठाऊक आहे. फेफऱ्याची तिन्ही औषधे मज्जापेशींतल्या सोडियमच्या वाहिन्यांवर काम करतात आणि पेशींचे पुन्हापुन्हा उद्दीपित होणे आवरतात. व्हॅल्प्रोएट त्याशिवाय गाबा या शांतवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढवते. लिथियमचा रस्ता निराळा. पेशीच्या आत निरोप पोचवणारे इनॉसिटॉलचे चक्र ते मंद करते, असे मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सुचवले. १९९६मध्ये जीएसके-३ नावाच्या विकरालाही ते अडवते, असे दिसले. मात्र मनाला थारा मिळतो तो यांतल्या कोणत्या कामामुळे, हे ठरलेले नाही. चिंतेच्या बाबतीत तर प्रश्न आणखी मागे जातो. उसळी आणि कोसळणे यांच्यामध्ये मनःस्थिती धरून ठेवायची, हे समजण्यासारखे आहे. पण चिंता ही काही वर-खाली होणारी गोष्ट नव्हे. अनेकांच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे एकाच पातळीवर असते. जे आधीच, वाईट अर्थाने का होईना, स्थिर आहे, ते स्थिर करणाऱ्या औषधाने काय साधावे?

इतिहासाकडे वळावे, तर तिथेही उद्देश आणि परिणाम यांची गाठ सहसा पडत नाही. लिथियम हे मूलद्रव्य योहान आर्फ्वेडसन यांना १८१७मध्ये स्वीडनमधल्या उटो बेटावरच्या खनिजात सापडले. मनाच्या आजाराशी त्याचा आजचा संबंध जोडला तो जॉन केड यांनी, १९४९मध्ये. केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांचे युद्धकैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात काम करत असताना, उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत एखादे विष असावे अशी त्यांची कल्पना झाली. ती तपासण्यासाठी गिनीपिगांना टोचायच्या द्रावात त्यांनी लिथियमचा क्षार वापरला, कारण तो पाण्यात चांगला विरघळतो. गिनीपिग शांत पडले. आधी स्वतः घेऊन पाहून मग केड यांनी लिथियमचा क्षार उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला, आणि ते निवळले. गिनीपिगांचे ते शांत पडणे बहुधा विषबाधेचे लक्षण होते, असे पुढे अनेकांनी म्हटले. केड यांचा पहिला रुग्ण १९५०मध्ये लिथियमच्याच विषबाधेने दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला देत होते. त्यात मृत्यू झाले आणि ते बाजारातून काढावे लागले. अमेरिकेने लिथियमला उन्मादावरचे औषध म्हणून मान्यता दिली ती १९७०मध्ये.

व्हॅल्प्रोएटमागच्या व्हॅल्प्रोइक आम्लाची गोष्ट याहून साधी. १८८२मध्ये बनवलेले हे आम्ल ऐंशी वर्षे इतर पदार्थ विरघळवण्यापुरते वापरात होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे काही नवी रसायने त्यात विरघळवून प्राण्यांवर तपासली गेली. जे रसायन टाकावे ते झटके थांबवी. गुण रसायनांचा नव्हता, ज्यात ती विरघळवली त्या द्रावकाचा होता.

गुण कशाचा, हा प्रश्न मराठीत फार पूर्वी स्वयंपाकघरात सुटल्यासारखा वाटतो. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण नको असलेला पाहुणा आपणहून निघाला, भाऊबंदकीचा कज्जा कोर्टात जाण्याआधी मिटला, की वापरतात. तिच्यात सुटकेचा निःश्वास आहे आणि खर्च वाचल्याचे थोडे समाधानही. पण ती बोलली जाते त्या वेळची परिस्थिती नीट पाहण्याजोगी आहे. खोकला गेला आहे आणि सुंठ डब्यात तशीच आहे. म्हणूनच श्रेय सुंठीचे नव्हे, असे ठामपणे म्हणता येते. तीच सुंठ आदल्या रात्री उगाळून मधातून चाटवली असती आणि सकाळी खोकला गेला असता, तर घरात कोणालाही शंका आली नसती. आजीच्या नावावर आणखी एक यश जमा झाले असते. साधा खोकला आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातोच. म्हणजे ही म्हण केवळ आजच्या खोकल्याविषयी बोलत नाही. आजवर ज्या ज्या खोकल्यांना सुंठ दिली, त्या साऱ्या यशांवर ती मागच्या मागे संशय टाकते. बोलणाऱ्याचा तसा हेतू नसतो. सुंठीवर त्याचा विश्वास कायमच असतो, आणि पुढच्या खोकल्याला तो पुन्हा डबा उघडतो.

म्हणीत दोन शक्यता आहेत: सुंठ घेऊन खोकला जाणे आणि न घेता जाणे. तिसरी तिच्यात नाही. खोकला आलेलाच नाही, आणि माणूस रोज सकाळी नेमाने सुंठ घेतो आहे. न आलेल्या खोकल्याचे श्रेय कोणाचे? मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांचा मुख्य व्यवहार या तिसऱ्या शक्यतेत चालतो. आलेला झटका ओसरवण्यापेक्षा पुढचा येऊ न देणे हे त्यांचे काम, आणि झालेल्या कामाचा पुरावा म्हणजे काहीच न घडणे.

या प्रश्नावर १९६८मध्ये वैद्यकातला एक गाजलेला वाद झाला. डेन्मार्कचे मोगेन्स स्काऊ आणि पॉल क्रिस्तियान बास्त्रुप यांचे म्हणणे होते, की लिथियम नियमित घेणाऱ्या रुग्णांना उन्माद आणि नैराश्याचे झटके येणे जवळजवळ थांबते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातले मायकेल शेफर्ड आणि बॅरी ब्लॅकवेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून ही उपचारांतली आणखी एक दंतकथा तर नव्हे, असे विचारले. हे आजार मुळातच येतात नि जातात. ज्या काळात ते येणार नव्हते त्या काळाचे श्रेय लिथियम घेत नसेल कशावरून, असा त्यांचा रोख होता. स्काऊ यांना हा प्रश्न परका नव्हता. त्यांच्या भावाला पुन्हापुन्हा नैराश्य येत असे, आणि लिथियम सुरू झाल्यावर ते यायचे थांबले होते. शेफर्ड यांच्या नजरेत अशा जिव्हाळ्याने संशोधकाचा तटस्थपणा कमीच होत होता. स्काऊ आणि बास्त्रुप यांनी १९७०मध्ये उत्तर दिले. लिथियमवर स्थिर असलेल्या रुग्णांपैकी काहींना, त्यांना किंवा डॉक्टरांना न कळता, बनावट गोळी दिली. पाच महिन्यांत लिथियमवरच्या एकालाही झटका आला नाही. बनावट गोळीवरच्या निम्म्याहून अधिक जणांना आला. सुंठ काढून घेतली आणि खोकला आला. वाद मिटला, असे तेव्हा बहुतेकांना वाटले.

शेफर्ड यांचे नाव याआधी एका वेगळ्याच औषधाशी जोडले गेले होते, आणि ते औषध भारतीय होते. १९५५मध्ये त्यांनी आणि डेव्हिड डेव्हिस यांनी मॉडस्लीतच चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांवर रेसरपिनची चाचणी केली. कोणाला औषध आणि कोणाला बनावट गोळी हे नशिबावर सोडून. मनाच्या औषधाची इतकी काटेकोर चाचणी तेव्हा विरळाच. रेसरपिनने फायदा दिसला. रेसरपिन म्हणजे सर्पगंधेच्या मुळातला अर्क, १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगळा केलेला. सर्पगंधा आयुर्वेदाला जुनी. बिहारात तिचे मूळ वेडावरचे औषध म्हणून विकले जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्येच तिच्याविषयी लिहिले होते, वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचे औषध म्हणून. जगाचे लक्ष मात्र गेले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे. वकील हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींसह ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. वर्ष १९४९. केड यांचा लिथियमवरचा लेख छापला गेला तेही हेच वर्ष.

ही दोन कामे एकाच वर्षी झाली हा योगायोग. पण पुढची दहा वर्षे दोन्ही औषधांची नशिबे उलट फिरली. लिथियम विषारी म्हणून बाजूला पडले. सर्पगंधा न्यू यॉर्कला पोचली, नेथन क्लाइन यांनी ती मनोरुग्णालयात वापरली, आणि १९५७मध्ये अमेरिकेच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांमध्ये वकील आणि क्लाइन दोघेही होते. मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाचे काम मनाच्या औषधांच्या पंक्तीत बसले. मग रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदी येऊ लागल्या. मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्ये रेसरपिन रिती करते, हे प्रयोगशाळेत दिसले होतेच; दोन्ही जोडून, नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता, असा सिद्धान्त उभा राहिला. आज चिंतेवर पहिली म्हणून दिली जाणारी बरीच औषधे याच विचाराच्या घरातली. गंमत अशी, की रेसरपिनने चिंता आणि उदासी कमी होते हे दाखवणारी १९५५ची चाचणी या सिद्धान्तात कुठेच बसत नव्हती, आणि ती जवळजवळ विसरली गेली. रेसरपिनने नैराश्य येते हा समज कितपत खरा, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. म्हणजे एकच मूळ चिंता शमवणारे म्हणून सिद्ध झाले, उदासी आणणारे म्हणून बदनाम झाले, आणि त्या बदनामीवर पुढची औषधे उभी राहिली. सर्पगंधेने रुग्णांचे नेमके काय केले, हे आज मागे वळून सांगणे सोपे राहिलेले नाही. भारतात रक्तदाबासाठीही ती आता क्वचितच लिहून दिली जाते.

एवढा वळसा घेतल्यावर आजचा पुरावा पाहायचा. सततच्या चिंतेच्या विकारात लिथियम किंवा लॅमोट्रिजिनच्या बाजूने सांगण्यासारखे फार थोडे आहे. फेफऱ्याच्या औषधांच्या कुळातलेच प्रीगॅबालिन मात्र उपयोगी ठरले आणि युरोपात त्याला २००६मध्ये या विकारासाठी परवानगी मिळाली. पण ते मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध मानत नाहीत, आणि त्याची सवय लागते म्हणून ब्रिटनने २०१९पासून त्यावर निर्बंध घातले. क्वेटियापिनने मोठ्या चाचण्यांत चिंता कमी झाली, तरी वजन आणि साखर वाढण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत या कामासाठी त्याला परवानगी मिळाली नाही. तीव्र भीतीच्या झटक्यांवर व्हॅल्प्रोएटचे अनुभव छोटे आणि विखुरलेले. कार्बामाझेपिनच्या एका छोट्या चाचणीत तर फायदा दिसलाच नाही. आघातानंतरच्या विकारात लॅमोट्रिजिनची एक लहान चाचणी आशा दाखवणारी निघाली, व्हॅल्प्रोएटच्या चाचण्या फसल्या.

खरी जागा आहे ती द्विध्रुवीय विकारात. उन्माद आणि नैराश्य यांच्यात हिंदकळणाऱ्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना आयुष्यात केव्हातरी चिंताविकारही जडतो. त्यांना चिंतेचे नेहमीचे औषध, म्हणजे नैराश्यविरोधी गोळी, एकटी दिली तर उन्माद उसळू शकतो. म्हणून आधी मनःस्थिती स्थिर करायची आणि मग उरलेल्या चिंतेकडे पाहायचे, हा क्रम. अनेकदा पहिल्याच पायरीवर चिंता ओसरते. मग ती चिंता वेगळा आजार होती की हिंदकळण्याचाच भाग? जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मिश्र अवस्थांमध्ये चिंतायुक्त उन्माद गणला होता. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीनेही द्विध्रुवीय विकाराला चिंतेची जोड लावण्याची सोय ठेवली. औषध लागू पडले म्हणून आजार तोच, हा तर्क मोहक आहे. डोनाल्ड क्लाइन यांनी तो सर्वांत पुढे नेला. १९६०च्या सुमारास न्यू यॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात त्यांनी भीतीच्या झटक्यांच्या रुग्णांना इमिप्रामिन दिले. आठवडे गेले, रुग्ण म्हणत काही फरक नाही. परिचारिकांच्या मात्र लक्षात आले, की हे लोक मरायला टेकल्यासारखे धावत परिचारिकांच्या खोलीपाशी यायचे थांबले आहेत. झटके गेले होते. झटका येईल ही धास्ती तशीच होती. या फरकातूनच तीव्र भीतीचा विकार आणि सततच्या चिंतेचा विकार वेगळे मानले गेले, आणि १९८०च्या निदानपुस्तिकेत दोघांना स्वतंत्र जागा मिळाल्या. म्हणीच्या भाषेत, खोकला गेला आणि रुग्णाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे त्याच इमिप्रामिनने सततची चिंताही कमी होते, असे दिसले, आणि औषधाने आखलेली रेघ औषधानेच पुसट केली.

डब्याला शक्यतो हात न लावता खोकला घालवण्याचे प्रयत्नही झाले. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेले समुपदेशक नेमून पाहिले. समजावणे, योगाचे श्वसन, बोलण्यातून उपचार, गरज भासली तरच गोळी. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतले रुग्ण यामुळे अधिक प्रमाणात सावरले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. तिथे डॉक्टर आधीपासूनच रुग्णाला वेळ देत असतील, हे एक स्पष्टीकरण. मग गुण समुपदेशकाचा की मिळालेल्या वेळाचा, हा प्रश्न राहतोच.

औषधाची किंमत मात्र स्पष्ट मोजता येते. लिथियमची रक्तातली पातळी सहसा लिटरला ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट ठेवतात आणि १.५च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी रक्त तपासायचे, थायरॉइड आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायचे. घाम, जुलाब, उलट्या, अंगातले पाणी कमी करणारे काहीही ही पातळी वाढवते. विदर्भातला मे महिना आणि निर्जळी उपास या रुग्णांसाठी औषधशास्त्राचाच भाग ठरतात. तसेच गुडघेदुखीसाठी स्वतःच आणलेले डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, यकृत जपावे लागते. गर्भावस्थेत घेतल्यास दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांना वाढीच्या अडचणी येऊ शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमपासून पंधरवड्यापंधरवड्याने वाढवायचे, कारण घाई केल्यास अंगावर जीवघेणे पुरळ उठू शकते. कार्बामाझेपिनने रक्तातले सोडियम घटते आणि गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो.

सगळ्या काळज्या आणि तपासण्यांनंतर प्रश्न येतो थांबवण्याचा. दोन वर्षे बरी गेलेला रुग्ण विचारतो, आता बंद करू या का. पुस्तकी उत्तर ठरलेले: एकदम नाही, महिनोन्‌महिने हळूहळू. कारण लिथियम अचानक बंद केले, तर झटका परत येण्याचा धोका वाढतो. ही माहिती जशी पक्की होत गेली, तशी १९७०च्या त्या चाचणीकडे काहींनी नव्याने पाहिले. बनावट गोळीवरचे रुग्ण कोसळले ते मूळ आजाराने, की लिथियम अचानक काढून घेतल्याने? सुंठ काढून घेतल्यावर आलेला खोकला जुना होता, की काढून घेण्याचा? नंतरच्या, अधिक काळजीने केलेल्या चाचण्यांनी द्विध्रुवीय विकारात लिथियमची बाजू बरीच बळकट केली आणि आत्महत्येचा धोका कमी होतो, असेही दाखवले. चिंतेच्या बाबतीत असे काहीच झालेले नाही. गोळी कमी करताना छातीत धडधडले, तर तो आजार, औषध सुटण्याचा त्रास, की सुटेल या धास्तीची धडधड, हे रुग्णाला सांगता येत नाही आणि डॉक्टरला मोजता येत नाही. धडधडले नाही, तर औषधाची गरज संपली की ती कधी नव्हतीच, हेही कळत नाही. केवळ चिंतेसाठी ही औषधे किती वर्षे घ्यावीत, याचा भरवशाचा आकडा नाही. तो काढायचा तर बऱ्या असलेल्या माणसांचे औषध थांबवून पाहावे लागेल, आणि थांबवून पाहण्याने नेमके काय कळते, यावर तर अजून वाद आहे.